बांधापलीकडचं चंदन

वाटणीत खडकाळ तुकडा धाकट्या सन्मतीला गेला, तेव्हा थोरला पद्मराज मनातून खूश झाला होता. झाली की पंचाईत! त्याच खडकात, दोघांच्या बांधालगत, सन्मतीनं चंदनाची बारा रोपं लावली आणि ती जगली. वर्षं गेली, झाडं मोठी झाली, तशी फॉरेस्टवाल्यांनी येऊन खोडांवर आकडे घातले, उताऱ्यावर नोंद केली. परवानगीशिवाय फांदीसुद्धा तोडायची नाही. झाडाला एवढा मान, मग मालकाला का नसणार? चिकोडीच्या बाजारात एकानं पद्मराजलाच विचारलं, चंदनवाल्या सन्मतीचे भाऊ न्हवं तुम्ही? तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. गावच्या बस्तीत, जिनमंदिरात, पहिला मान आजवर थोरला म्हणून त्याचा. तोही आता हा घेणार, असं त्याच्या मनानं घेतलं.

अशात फॉरेस्टगार्ड भरमा बोलता बोलता सांगून गेला, की चंदन एकट्याच्या जिवावर वाढत नाही. त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांतनं रस ओढतात. शेजारी कोण? तर पद्मराजची हादग्याची रांग! म्हणजे आपल्या हादग्यानं राबायचं आणि मोठेपणा त्यानं मिरवायचा. झोप उडाली हो गड्याची. चंदनाला हात लावावा तर तुरुंग. पण स्वतःचा हादगा काढला तर कोण विचारतंय?

बायको कांता त्या फुलांची भाजी करायची. फुलावर आलेली झाडं कशाला काढताय, म्हणून तिनं परोपरीनं सांगितलं. ऐकेल तर शपथ. जेसीबी आणून त्यानं सगळी रांग मुळासकट उपटली आणि सन्मतीला सांगितलं, ऊस लावायचाय.

उन्हाळ्यात चंदन वाळायला लागलं. ते बघून पद्मराज एक भाकरी जास्त जेवायला लागला. लाज वाटायची, नाही असं नाही, पण बरंही लई वाटायचं.

आणि झालं काय? हिरव्या झाडांना परवानगी मिळत नाही म्हणून सन्मतीचा तोडीचा अर्ज दोन वर्षं पडून होता. झाडं वाळली तशी भरमानं पंचनामा केला आणि महिन्याभरात कागद सुटला. खोडं कापली, तर गाभा चांगला पिवळाजर्द निघाला. लाकूड चांगल्या भावानं सरकारी डेपोत गेलं. बस्तीसाठी म्हणून एक तुकडा तेवढा सन्मतीनं लेखी मागून घेतला.

तो तुकडा पंच्यात गुंडाळून तो थोरल्याच्या दारात आला. हा भांडायला आला असणार, असं समजून पद्मराजनं उत्तरं तयार ठेवली होती. सन्मती खाली मान घालून म्हणाला,

"अण्णा, तुझ्या हादग्यावरच वाढलं हे. मला पहिल्यापासनं ठाऊक हुतं, पर सांगायला जीभ रेटली न्हाय. घरचं पहिलं पीक थोरल्याच्या हातनं बस्तीत जातंय. तूच ने. उपाध्यांस्नी नावबी तुझंच सांगितलंय."

पद्मराजनं तुकडा घेतला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत त्यानं तो उपाध्यांच्या हातात दिला. उपाध्यांनी मोठ्यानं त्याचं नाव घेतलं. पहिला मान त्याचाच राहिला. तेवढ्यात मागनं कुणीतरी म्हणालं, भाऊ असावा तर असा, आणि सगळी बस्ती वळून शेवटच्या ओळीत उभ्या सन्मतीकडं बघायला लागली. पद्मराजनंही बघितलं. चांगुलपणातही हाच पुढं गेला, आणि हे उपटायला कुठला जेसीबी आणायचा ते त्याला कळेना.