मैलूरच्या घराची कडी

पोलिओनं राजूबाईचे दोन्ही पाय लहानपणीच गेले होते. कमलनगरच्या घराला उंच उंबरे-पायऱ्या, म्हणून भाऊ अंकुशराव सकाळी तिला उचलून ओसरीवर ठेवायचा, संध्याकाळी उचलून आत न्यायचा. भावाचा जीव होता तिच्यावर, पण दिवस ओसरीवरच मावळायचा. सत्त्याऐंशी साली बिदरच्या एका संस्थेनं मैलूर भागात अपंग बायांसाठी घर काढलं. बायांनी आपलं आपण रांधावं, शिवणकाम करावं, लागेल तिथं मदत मिळावी, असा बेत. भावाशी भांडून राजूबाई तिथं आली, कुबड्यांवर चालायला शिकली आणि स्वतःच्या हातानं चहा करून प्याली, तेव्हा तिला हसूच आवरेना.

एकच गोष्ट तिला खुपायची. व्यवस्थापक किशनराव दुपारी जेवायला घरी जाताना दाराला बाहेरून कडी घालून जायचा. त्याच घरातल्या गीताबाईला फिट यायची. एकदा ती रस्त्यात पडली होती, तेव्हापासूनची ही कडी.

"आत काही झालं तर?" राजूबाई विचारायची.

"आत काय व्हतंय? तुमच्याच भल्यासाठी हाय ते," किशनराव म्हणायचा आणि सायकलीवर टांग टाकायचा.

चैत्रात एका दुपारी गीताबाई स्टोवर भाकरी भाजत होती. भाजता भाजता तिचे डोळे फिरले आणि ती तव्यावरच कोसळली. स्टो कलंडला, पदरानं पेट घेतला. राजूबाई फरपटत गेली, हाताला लागलेली वाकळ तिच्यावर टाकली आणि वर स्वतः पडली. आग विझली, पण गीताबाईच्या उजव्या हाताची कातडी सुटून आली होती. डोळ्यांनी अधू असलेली सरुबाई खिडकीशी ओरडत होती, राजूबाई कुबडीनं दार बडवत होती. समोरच्या पिठाच्या गिरणीच्या आवाजात कुणालाच ऐकू जाईना. बऱ्याच वेळानं वीज गेली, गिरणी थांबली, तेव्हा गिरणीवाला हावगेप्पा धावत आला आणि त्यानं कडी काढली.

गीताबाई दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष अमृतप्पा आले. माणूस सोज्वळ, आवाज मऊ. त्यांनी बायांना सांगितलं, "आजपासून स्वैपाक बंद. डबा बाहेरून येईल. गीताबाईला बरं वाटलं की तिच्या घरी पाठवू."

"आन् कडी?" राजूबाईनं विचारलं.

"ती तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे, बाई."

"भाजली ती स्टोनं, अप्पा. भाजून पडून राह्यली ती कडीनं."

अमृतप्पा जायला निघाले. ते गेल्यावर राजूबाई दाराबाहेर जाऊन बसली. म्हणाली, "कडी हाय तवर मी आत येत न्हाई." सरुबाईनं आपलं अंथरूण चाचपत उचललं आणि तिच्याशेजारी आणून टाकलं. मग बाकीच्याही आल्या. रस्त्यानं जाणारे येणारे थांबून बघायला लागले. किशनरावनं विनवलं, मग दम दिला, शेवटी कमलनगरला निरोप धाडला.

अंकुशराव जीपनं आला. आल्या आल्या सगळ्यांना जयभीम घालून बहिणीसमोर उकिडवा बसला. "चल घरी. कामून हाल करून घ्यायलीस?"

"घरी दार उघडं असतंय दादा, मला ठावं हाय. पर तू उचलल्याबिगर मला त्या दारातनं जाता येत न्हाई. हितं मी माझी जाते. मला हितंच ऱ्हायचंय, पर कोंडून न्हाई."

अंकुशरावनं वळून दाराच्या बाहेरची कडी बघितली. तेवढ्यात अमृतप्पा आले. तो उठून उभा राहिला. "सायब, माझी भैण आत असताना बाहेरून कडी घालत्यात, हे मला कुणी सांगितलं न्हाई. तुमच्या घरी असं करत असाल का तुमी?"

 राजूबाईनं उत्तराची वाट बघितली नाही. हावगेप्पाकडून छिन्नी-हातोडी मागवून घेतली, चौकटीला टेकून, कुबडीवर तोल सांभाळत उभी राहिली आणि कोयंड्यावर घाव घातला.

"बाई, हे संस्थेचं दार आहे," अमृतप्पा म्हणाले.

"दार संस्थेचं. त्याच्या आत जीव आमचा हाय."

पहिले दोन घाव चौकटीवरच बसले. भाऊ पुढं झाला तसं तिनं मानेनंच नको म्हटलं. कोयंडा निघून खाली पडला, तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरुबाईनं फक्त विचारलं, "निघाली का गं?"

"निघाली."

कडी पुन्हा बसली नाही. दुपारी थांबायला शरणम्मा नावाची बाई ठेवली. स्वैपाकासाठी आणि गीताबाईला परत आणण्यासाठी आणखी पंधरवडा भांडावं लागलं. पावसाळा सरता सरता गीताबाई परत आली. उजव्या हाताची बोटं आखडलेली. आल्या दिवशीच तिनं परात ओढली. किशनराव दारात येऊन थबकला. "पुन्यांदा फिट आली म्हंजे?"

"मी हाय की बाजूला," राजूबाई म्हणाली आणि गीताबाईला खेटून बसली. वाकड्या बोटांनी थापलेली भाकरी कडेला फाटत होती, तरी गीताबाई थापतच राहिली. "उभं कामून राह्यलाव, किशनराव? पाणी द्या की इकडं जरा."

 किशनराव चपला काढून आत आला.