उलट्या खुर्चीचं सीमोल्लंघन

बंडोपंतांना वाघ दिसला होता की नव्हता, यावरून बालाघाटचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते फक्त बंडोपंत आणि प्रेमलाल या दोघांचं.

बंडोपंत जंगलखात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांनी जंगल पाहिलं ते बहुतेक फायलींमधूनच. प्रत्यक्षात एकदाच, उकव्याच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जीप बंद पडली तेव्हा; आणि त्या एका खेपेत त्यांना वाघ दिसला. वाघाची लांबी दरवर्षी थोडी वाढत असे, पण वार्षिक वेतनवाढ समजून लोक ती मंजूर करत.

प्रेमलालनं केली नाही. प्रेमलाल गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. उकव्याच्या खाणीत त्याची जिंदगी गेलेली. पंतांचे पाय मणक्याच्या दुखण्यानं गेले, तसा तो रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर येऊन बसू लागला. गेल्या वर्षीच्या पोळ्याला, पाहुण्यांनी भरलेल्या त्या ओसरीवर, तो म्हणाला, "अबे पंत, त्या रस्त्यानं मी सारी उमर ड्यूटीवर गेलो. वाघ कायचा? सुखरामचं वासरू होतं ते. पिवळं. मले माहीत हाय."

पाहुणे हसले. पंत भडकले. शेवटी प्रेमलाल चपला घालत म्हणाला, "मी नाही येत आता. तू ये माह्या घरी, तवाच बोलीन."

"तुह्या दारात तोंड दाखवीन तर बंडोपंत नाव नाही सांगणार!"

झालं. वर्ष उलटलं. पंतांना रात्रंदिवस एकच गोष्ट आठवे. पाय गेल्यापासून सगळे त्यांना 'बसा' म्हणत. 'तू ये' म्हणणारा तो एकटाच निघाला, आणि नेमकं त्याच्याशीच बोलणं बंद. जायची इच्छा तर होती. पण कुणी उचलून नेलं, की गल्ली म्हणणार, पंतांना माफी मागायला नेऊन राह्यले. जायचं तर स्वतःहून. आणि शपथेचं काय करायचं, ते अजून सुचलं नव्हतं.

अशात पुतण्या अनुरागनं नागपूरहून स्वतः बनवलेली चाकांची खुर्ची आणली. तो तिथं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. खुर्ची बॅटरीवर चालणारी, हातापाशी छोटा दांडा, आणि पुढं पायाजवळ दोन गोल सेन्सर, घुबडाच्या डोळ्यांसारखे.

"मोठे काका, समोर काही आलं की ही आपोआप थांबते. फारच जवळ आलं, तर स्वतःच मागे सरकते."

"मागून काही आलं तर?"

"मागे सेन्सर नाही लावला. टाइम कम था."

"म्हणजे सरकारी गाडी," पंत म्हणाले. "आघाडीला बंदोबस्त, पिछाडी रामभरोसे."

दसरा दोन दिवसांवर होता. पंतांनी मनात बेत पक्का केला. दसऱ्याला सोनं द्यायला माणूस शत्रूच्याही दारी जातो. त्याला कुणी माफी म्हणत नाही. आणि शपथेचं तिथं गेल्यावर पाहू. सदऱ्याच्या खिशात त्यांनी आपट्याची पानं दसऱ्याच्या सकाळीच घालून ठेवली.

पण दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा असते, आणि पंतांच्या बायकोच्या, शांताबाईंच्या, घरात यंत्र म्हणजे विळीपासून वीजमीटरपर्यंत सगळं. पंत दुपारचे झोपून उठेस्तोवर खुर्चीच्या दोन्ही डोळ्यांना हळदीकुंकवाचे ठसठशीत टिळे लागले होते. वर झेंडूचा जाड हार. हाराच्या मधोमध, बरोबर डोळ्यांसमोर, लिंबू-मिरची.

शेजारच्या मैनाबाईंच्या जावयानं पंतांना उचलून खुर्चीत बसवलं. फळीवरून अंगणात उतरवलं. पंतांनी रुबाबात बटण दाबलं, दांडा पुढं केला.

खुर्ची मागे गेली.

पुन्हा पुढं. पुन्हा मागे. समोर लिंबू बघून खुर्ची मागे सरके. लिंबूही तिच्याबरोबर सरके. ते अजून समोरच आहे हे पाहून खुर्ची आणखी घाबरे.

"अगं, तो हार काढ!"

"आजच्या दिवशी? वाहनाचा हार उद्या उतरवतात. अपशकुन करू नका."

"अगं, ते वाहन आंधळं झालंय!"

"मग घरीच बसा. प्रेमलालभाऊजी काही पळून नाही चालले."

पंत चमकले. बेत त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. पण चाळीस वर्षांच्या संसारात गुप्त अशी फक्त वाघाची खरी लांबी राहिलेली.

त्यांनी हाराकडे पाहिलं. गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. मग दांडा तिरका ओढून त्यांनी खुर्ची गर्रकन फिरवली आणि पाठ प्रेमलालच्या घराकडे केली.

"हां," ते खुर्चीला म्हणाले. "आता घाबर, किती घाबरतेस ते."

खुर्ची निघाली. स्वच्छ उलटी. लिंबाला भीत भीत, टप्प्याटप्प्यानं, पण न थांबता. पंत मान वळवून दांड्यानं दिशा देत होते. पण त्यांची मान वन विभागातली, वळायची तिला सवय नव्हती. लगेच मैनाबाई धावल्या आणि लाकडाच्या ट्रकला मागे घेताना क्लीनर ओरडतो तशा ओरडू लागल्या.

"आने दो, आने दो! जरा उजवीकडे, पंत! नाली हाये! आने दो!"

सारी गल्ली दारात आली. कुणी तरी विचारलं, "काहून हो पंत, उलटे काहून जाऊन राह्यले?"

"पुढं पाहून लई दुनिया पाहिली," पंत म्हणाले. "आता गेलेली पाहून राह्यलो."

प्रेमलालच्या दाराला उंच पायरी होती, हे पंतांना पक्कं माहीत होतं. ती जवळ येत चालली. आता धडक, मग चार जण धावणार, उचलणार, आणि सगळं मुसळ केरात. त्यांनी डोळे मिटले.

धडक बसलीच नाही. खुर्ची किंचित कण्हली आणि वर चढली. पंतांनी खाली पाहिलं. पायरीच्या जागी सिमेंटचा उतार होता. गुळगुळीत, खुर्चीच्या मापाचा.

त्यांनी बटण बंद केलं. पाठीमागून प्रेमलालचा आवाज आला.

"कोण हाये?"

"बंडोपंत. तोंड दाखवत नाही. सोनं द्यायला आलोय." पंतांनी खांद्यावरून मागे हात करून पानं धरली.

पाठीमागं पावलं वाजली. मग हातातली पानं गेली.

"हा उतार कशाले बांधला रे?" पंतांनी गल्लीकडे बघतच विचारलं.

"स्कूटरसाठी."

"तुह्यापाशी स्कूटर कुठं हाये?"

"घेईन ना. मरून गेलो का?"

आत कप वाजले. प्रेमलाल पंतांच्या पाठीला पाठ लावून स्टुलावर बसला. शपथ दोघांनीही पाळली. चहा मात्र एकमेकांकडे न बघता द्यायचा, म्हणून अर्धा बशीत सांडला.

"पंत, एक सांगू? ते वासरू नसंल बी."

पंत वळता वळता थांबले.

"बिबट्या असंल. लहान."

"वाघ होता."

"बिबट्याच्या वर एक इंच नाही देत मी."

"बरं," पंत म्हणाले. "उरलेलं उद्या बोलू."

संध्याकाळी अनुरागचा नागपूरहून फोन आला. "मोठे काका, कशी चालली? आणि सुनो, प्रोफेसर म्हणतात, मागे पण सेन्सर लावून टाक."

"मागे डोळे लावशील," पंत म्हणाले, "तर तुला या घरात तोंड दाखवू देणार नाही."