सोजरबाईची वीट

पुलाखाली एकोणीस विटा होत्या, सात दगड, चार चपला आणि जात्याची एक तळी. चपला चारही डाव्या पायाच्या. एकूण एकतीस. माणूस एकही नव्हता. पहिल्या दिवशी एकतीसपैकी तीस जणांनी चहा घेतला. जात्याच्या तळीपुढचा कप तेवढा तसाच राहिला. दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी बिनसाखरेचा आणला, तो तिने घेतला.

केतकी घोलपला महापालिकेच्या बेघर संपर्क मोहिमेत लागून तेव्हा दोनच दिवस झाले होते. पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेल्या मुलीला ही कंत्राटी नोकरी का दिली, ते तिने विचारलं नाही. वजनकाटा नीट वापरता येईल असं कुणीतरी हवं होतं, एवढंच तिला कळलं.

"माणसं कुठायत?" तिने गाडीचे ड्रायव्हर दस्तगीरभाई यांना विचारलं होतं.

"कामाला. उजाडायच्या आत जातात, दिवेलागणीला येतात. जाताना जागेवर वीट ठेवतात. आपण एष्टीत रुमाल टाकतो ना, तसं."

"मग आपण दिवेलागणीला येऊ."

"गाडीची वेळ अकरा ते पाच," दस्तगीरभाई किटलीचं झाकण लावत म्हणाले. "गेल्या साली रिकामी हिंडली आणि सगळा निधी परत गेला. यंदा वरून आदेश आला, जो जागेवर सापडेल त्याच्याशी संपर्क करा. आता बघा, एकजण हलत नाही. अल्लाची मेहेर."

केतकीचं काम सोमवारी वजनं घेण्याचं. आधी ती स्वतः काट्यावर उभी राही. एक्कावन्न किलो दोनशे. तिचं वजन कॉलेजपासून तेवढंच होतं, म्हणजे काटा बरोबर. मग एकेकाला उचलून ठेवी. तिसऱ्या खांबाच्या बुंध्याशी एक वीट होती, एका कोपऱ्याला टवका उडालेली. ती पहिल्या सोमवारी दोन किलो नऊशे भरली. दुसऱ्या सोमवारी तीन किलो चारशे. केतकीला नवल वाटलं नाही. भाजलेली वीट आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं पाणी पिते. पण तिसऱ्या सोमवारी तीच वीट पाच किलो सहाशे भरली, आणि आकाराने होती तेवढीच होती. केतकीने ती कानाशी नेऊन बोटाने वाजवून पाहिली. आवाज आला नाही.

त्या दिवशी विटेशेजारी एक बाई बसली होती. अंगावर दोन लुगडी, एकावर एक, आणि डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं.

"काय गं पोरी," ती म्हणाली, "इठोबा सोडून इटेलाच निवद?"

"तुम्ही कोण?"

"मी सोजरबाई. ही इट माझी. मी मंडईत लसूण सोलाया जाते, तवा ही जागा धरती. आज अंगात कणकण हाय म्हनून ऱ्हायले. तिला कशाला च्या? तिला तोंड तरी हाय का?"

"पिते ती," केतकी म्हणाली.

दोघी बघत राहिल्या. विटेपुढच्या कपातला चहा काठापासून खाली खाली जात तळाला गेला.

"आगं बया! माझ्या नवऱ्यापरीस गपगुमान पिती की." सोजरबाई हसली आणि हसताना खोकली. "मला बी दे घोटभर."

किटलीत एकच कप उरला होता. केतकीने तो भरला.

"म्याडम," दस्तगीरभाईंनी गाडीतून हाक मारली, "एका जागेला एक कप. त्या जागेचा झाला. हा पलीकडच्या दगडाचा."

केतकीने कप पलीकडच्या दगडापुढे ठेवला. पुढे तिला हे पुष्कळदा आठवलं. त्या आठवड्यात तिने दिसेल ते मोजलं होतं. ते अंतर मोजायची गरज नव्हती. तिच्या हातातला कप आणि बाईचा पुढे आलेला हात यांच्यात वीतभर जागा होती.

सोजरबाईने हात मागे घेतला आणि फडक्याची गाठ सारखी केली, जणू त्यासाठीच तो पुढे केला होता.

निघताना केतकीने निव्वळ कुतूहल म्हणून तिला काट्यावर उभं केलं. अडतीस किलो चारशे. पुढच्या सोमवारी वीट अकरा किलो भरली आणि बाई तेहेतीस. केतकीने दोन्ही वेळची बेरीज मनातल्या मनात केली. दोन्ही वेळा चव्वेचाळीस. इतकी स्वच्छ बेरीज तिला प्रयोगशाळेतसुद्धा कधी मिळाली नव्हती. तिला आनंद झाला. मग तिने सोजरबाईकडे पाहिलं, आणि आनंद झाल्याची लाज वाटली.

"मंडईतनं काढलं मला," सोजरबाई सांगत होती. "पंखा लावला की मी सरकते म्हनं. लसणाच्या गोणीला पदर बांधून बसले, तर गोनी उचलली तशी मी बी वर. समदी हसली. शेठ म्हनला, मावशे, तू आता पतंगाच्या दुकानात जा." तिने खांबाला हात टेकला. "तुझ्या च्याला काय पाय हायेत का गं, माझ्यातनं निघून तिच्यात जाया?"

केतकीने दुसऱ्या दिवशी पदरचे पैसे घालून कोपऱ्यावरच्या टपरीतून चहा आणला. सोजरबाई दोन कप प्याली, वर ग्लुकोजचा पुडा खाल्ला. वजनात काही फरक पडला नाही. मोहिमेबाहेरचा चहा धरला जात नव्हता. मग विटेचा चहा केतकीने मातीत ओतून पाहिला. तर मोहिमेने पहिल्या दिवशीच दिलेली घोंगडी होती, टोपी होती, डॉक्टरांनी कानात घालून विटेला लावलेली नळी होती, तिच्यापुढे वाचून दाखवलेलं माहितीपत्रक होतं. त्यांच्या जोरावर वीट जड होतच गेली.

"माझ्या खोलीवर चला," केतकी म्हणाली. ती तिघींबरोबर कॉटबेसिसवर राहत होती. कशी जागा करणार, ते तिलाही माहीत नव्हतं.

"तुझ्या खोलीत माझी इट हाय का?" सोजरबाई म्हणाली. "मी हितं, माझं वजन तिच्यात. तिला सोडून कुटं जाऊ? तुला करायचंच आसंल तर पालिकेच्या निवाऱ्यात एक खाट दे. दार आसलेली खोली. दार लावून झोपले तर वाऱ्यानं जायची न्हाई. बाकी काय मागत न्हाई बघ."

मोहिमेच्या शेवटी जागेवर सापडलेल्या सगळ्यांना निवाऱ्यात हलवायचं होतं, म्हणून केतकी समाजविकास विभागात गेली. विभागप्रमुख पांगारकर साहेबांच्या खुर्चीवर रुमाल टाकलेला होता. ती रुमालासमोर बसून राहिली. साहेब आले, त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि बसले.

"सर, तिसऱ्या खांबाच्या विटेऐवजी बाईला निवाऱ्यात घ्या."

"बाईशी संपर्क झालाय?"

"मी रोज बोलते तिच्याशी."

"बोलण्याचं विचारलं नाही. खर्च झालाय का तिच्यावर?"

"नाही."

"आणि विटेवर?"

"चार हजार शंभर. पहिल्याच दिवशी बरेचसे."

"पहिल्या संपर्कालाच खर्च असतो. सगळं एकदम द्यावं लागतं." साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली निवाऱ्याचा जुना नकाशा होता, दीडशे खाटांचा, पेन्सिलीने काढलेला, आणि पेन्सिल पुसट झाली होती. "घोलप, मी बारा वर्षं खाटा मागतोय. खाटांना तरतूद मिळत नाही. खाटेपर्यंत न्यायला मिळते. खाटा एकतीस, खर्च झालेले एकतीस. आता खर्च झालेल्याला बाहेर ठेवून कोरा माणूस आत घेतला, तर झालेला खर्च कुणाच्या नावावर टाकू?"

"तिचं वजन जातंय, सर."

"विटेचं वाढतंय ना? मग एकूण कमी नाही झालेलं." त्यांनी चष्मा परत घातला. "तिला सांगा, जागा सोडू नको. पुढच्या वर्षी जागेवर सापडली, तर मी स्वतः येतो घ्यायला."

त्याच आठवड्यात सगळ्यांना निवाऱ्यात हलवलं. एकेका विटेला दोन हमाल लागले. नियम असा होता, की जागा रिकामी झाली की लगेच तिच्यावर कुंडी ठेवायची, सिमेंटची, छातीएवढी. दस्तगीरभाई दुसऱ्या फेरीत कुंड्या घेऊन आले. तीस जागांवर तीस कुंड्या बसल्या. दिवेलागणीला माणसं परतली, कुंड्यांकडे पाहत जरा थांबली आणि पुढे गेली. ती चालत गेली असं म्हणता येणार नाही. वारा सुटला होता.

तिसऱ्या खांबापाशी कुंडी बसली नाही, कारण सोजरबाई जागेवर बसून होती. आता जागा धरायला दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा तिला उठता येत नव्हतं.

केतकी विटेला परत आणायला निवाऱ्यात गेली. दारातल्या काळजीवाहक बाईने ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ताच जेवलेत सगळे." दोन रांगांत एकतीस खाटा होत्या, गळ्यापर्यंत पांघरुणं ओढलेली. सोजरबाईची वीट खिडकीजवळ होती. तिच्याखाली खाट मधोमध वाकली होती. केतकीने काटा आणला होता, पण वीट त्यावर ठेवायला काळजीवाहक बाईची मदत लागली. एक्केचाळीस किलो शंभर.

"हिला मी परत नेते," केतकी म्हणाली.

"उचलून दाखव," काळजीवाहक बाई म्हणाली.

केतकीने दोनदा प्रयत्न केला. मग तिने विटेवर नुसता हात ठेवला. वीट गरम होती. अंगात कणकण असावी तशी.

ती पुलाखाली आली तेव्हा सोजरबाईने खांबाच्या गजाला पदराची गाठ मारून ठेवली होती. केतकी सवयीने आधी स्वतः काट्यावर उभी राहिली, एक्कावन्न किलो दोनशे, मग तिने बाईला एका हाताने उचललं आणि काट्यावर ठेवलं. दोन किलो नऊशे.

"भेटली?" सोजरबाईने विचारलं. तिचा आवाज मात्र होता तेवढाच होता.

"खिडकीजवळ खाट आहे तिची. मला उचलत नाही."

"तुझं ऐकायची न्हाई ती. माझी हाय. वीस वर्षं मी उठ म्हनलं की उठली, बस म्हनलं की बसली. मीच जाते आन् तिच्यावर बसते. माझं मला परत घेते." तिने पदर सोडवला. "तवर तू जागा धर."

"मी नेते ना तुम्हाला. कडेवर घेते."

"दोघी गेलो की हितं कुंडी. मग परत कुटं येऊ? बस तू. आन् ऐक, मी येईस्तोवर कुनी काय बी दिलं तरी घेऊ नगंस. पानी सुदिक."

"नाही घेणार."

"बगते हां," सोजरबाई म्हणाली. "तू मोठी मोजनारी."

केतकी खांबाला पाठ टेकून बसली. जमीन बाईच्या मापाने खोलगट झालेली होती. सोजरबाई निघाली. कुंडीच्या काठाला धरायची, वारा पडायची वाट बघायची, मग पुढच्या कुंडीचा काठ पकडायची. दोन लुगडी तिच्यामागे आडवी तरंगत होती. केतकी मनात कुंड्या मोजत होती. बाराव्या कुंडीशी सोजरबाईने वळून हात केला.

अकराला गाडी आली. एक नवी मुलगी उतरली, केस घट्ट वळलेले, हातात काटा. आधी ती स्वतः काट्यावर उभी राहिली, आकडा पाहून तिने मान हलवली.

"एकजण आहे जागेवर," ती म्हणाली.

दस्तगीरभाईंनी खिडकीतून पाहिलं. "आहे की. तिसरा खांब. नवा दिसतोय. सगळं द्यावं लागेल."

"दस्तगीरभाई, मी केतकी. मी फक्त जागा धरलीय. माझं काही नाही इथे."

नव्या मुलीने गाडीकडे पाहिलं. "काहीतरी म्हणतेय ती."

"त्यांच्याशी बोलत बसू नका, म्याडम, उशीर होतो," दस्तगीरभाई म्हणाले. गाडीच्या मागच्या भागात एक कुंडी उरलेली होती, आणि तिच्याभोवती दोर आधीच बांधलेला होता. केतकी उठली नाही.

मुलीने तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली, डोक्यात टोपी घातली आणि माहितीपत्रक वाचून दाखवलं. आवाज चांगला होता, शब्द स्पष्ट. मग पुढ्यात चहाचा कप ठेवला. केतकीने ओठ घट्ट मिटले आणि हात पाठीमागे नेऊन खांबाला धरले. लांब, रांगेच्या टोकाला, सोजरबाई शेवटच्या कुंडीपाशी पोचली होती. तिथून निवाऱ्याचं फाटक रस्ता ओलांडला की होतं. तिने एक हात काठावरून सोडला होता.

कपातला चहा काठापासून खाली जाऊ लागला.

"घेतला," मुलगी म्हणाली. तिने केतकीला दोन्ही काखांत धरून काट्यावर ठेवलं आणि आकडा थांबेपर्यंत वाट पाहिली.

चौपन्न किलो शंभर.