चिमट्यासाठी खास पॅकेज

मास्तर सूनबाईला कधी नाही म्हणत नसत. ती चहात साखर घालायला विसरली, तरी एक घोट घेऊन म्हणायचे, "उत्तम!" त्यांच्या खोलीला तिनं निवडलेला हिरवा रंग डोळ्यांत खुपायचा, पण रंगाऱ्यानं ब्रश धुवायच्या आधीच मास्तरांचं "उत्तम" होऊन गेलेलं. सूनबाईही कमी नव्हती. "हो बाबा", "चालेल बाबा", "तुम्ही म्हणाल तसं, बाबा". घरात इतकी सभ्यता होती, की मास्तरांच्या मुलाला, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याला, कधीकधी आपण दवाखान्यात नंबर लावून बसलोय असं वाटायचं.

पण जन्मभर शाळेत शिकवलेल्या माणसाची लाल शाई निवृत्त झाल्यावर काही वाळत नाही. ती सांडायला मास्तरांनी एक जागा शोधून काढली होती.

त्यांच्या खोलीत एक जुना संगणक होता. दुकानदारानं त्याच्याकडे एकदा बघून "भंगारात द्या" म्हणून सांगितलेलं. सूनबाईनं त्यावर लिनक्स ही हलकी, फुकट प्रणाली बसवली आणि तो म्हातारा पुन्हा उठून बसला. दुपारी आसपासची मुलं यायची. मास्तर त्यांना पडद्यावर अपूर्णांकांचे तुकडे पाडून दाखवायचे, आकाशातले तारे गरागरा फिरवून दाखवायचे. हे सगळं चालायचं ब्राउझरमध्ये, म्हणजे इंटरनेटची पानं उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये.

आता हा ब्राउझर खुल्या पद्धतीचा होता. त्याचा सगळा कोड कुणीही बघावा, घ्यावा, आपल्या संगणकावर बांधावा. मात्र इतक्या जुन्या संगणकांसाठी तयार पॅकेज, म्हणजे त्या कोडपासून बांधलेला, थेट बसवता येणारा ब्राउझर, देणं मूळ मंडळींनी कधीच बंद केलं होतं. ते काम हौशी लोक आपापल्या घरी करायचे आणि पॅकेज सगळ्यांसाठी ठेवायचे. जुन्या संगणकांचं पॅकेज बांधणारी व्यक्ती 'मुंगी' या नावानं वावरायची. मुंगी म्हणजे सूनबाई. तिच्या खोलीतल्या संगणकाचा पंखा दिवसभर घरघरायला लागला आणि खोली भट्टीसारखी तापली, की घरात समजायचं, नवं पॅकेज बांधून होतंय.

तिथं तक्रारींसाठी एक पान होतं. त्या पानावर मास्तर, सूनबाईला कळू न देता, 'चिमटा' झाले.

"मुंगीताई," चिमट्यानं लिहिलं, "छपाईचं बटण दाबलं की आपला ब्राउझर डुलकी घेतो. बांधून झाल्यावर एकदा उघडून बघायची पद्धत आपल्याकडे आहे का?"

"चिमटेबुवा," मुंगीनं उत्तर दिलं, "आहे. तक्रारीसोबत लॉग जोडायची पद्धत आपल्याकडे आहे का? ब्राउझर पडताना काय काय करत होता ते त्यातूनच कळतं. मला स्वप्नं पडत नाहीत."

"जोडला आहे. वाचता येत असेल तर वाचा."

"वाचला. वरून सातव्या ओळीत तुमची चूक आहे."

"आणि आठव्या ओळीत तुमची!"

दोघांचंही बरोबर निघायचं. मग मुंगी आपली चूक दुरुस्त करायची, चिमटा आपली. आणि रात्रीच्या जेवणाला सूनबाई विचारायची, "बाबा, ब्राउझर बरा चाललाय ना?" मास्तर म्हणायचे, "उत्तम!"

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका संध्याकाळी सूनबाईनं जेवता जेवता ताटावरून हात उचलला.

"मी ते पॅकेज सोडतेय."

"का गं? काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"तो चिमटा! आज काय म्हणतो, तर आयकॉन वाकडा आहे. अरे बाबा, फुकट बांधते मी! सुट्टीचा दिवस त्यात जातो. आयकॉन कसला वाकडा, त्याची मान वाकडी असेल!"

मास्तरांना जोरात ठसका लागला.

"पाणी घ्या, बाबा."

"उत्तम आहे," मास्तर पाणी पिऊन म्हणाले.

"असेल कुणीतरी रिकामटेकडा," नवरा म्हणाला. "घरात कुणी हिंग लावूनही विचारत नसेल, म्हणून तिथं येऊन शहाणपणा. काय बाबा?"

"असेल... तसाच असेल." मास्तरांनी घास घोळवला आणि आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, "मग ते बांधणार कोण?"

"कुणी नाही. पुढच्या आठवड्यात ते पानावरून काढून टाकतील. तुम्ही नका काळजी करू, बाबा. तुम्हाला आपण नवा संगणक घेऊ."

"उत्तम," मास्तर म्हणाले. आजवरच्या सगळ्या उत्तमांत हे सर्वांत जड होतं.

नवा संगणक येईलही. मुलांचे तारे त्यावर जास्त भराभर फिरतील. पण नव्या संगणकावरचा ब्राउझर कुठल्यातरी परक्यानं बांधलेला असणार. तिथं चिमट्याला तोडीस तोड उत्तर कोण देणार? आणि चिमटा गेला, की मास्तरांकडे सूनबाईशी बोलायला उरणार तो एकच शब्द. त्यांनी अंथरुणात बराच वेळ या कुशीवरून त्या कुशीवर केलं. सकाळी उठल्या उठल्या लिहून टाकलं:

"मुंगीताई, आपलं पॅकेज उत्तम आहे. आयकॉनही उत्तम आहे. आपण हे काम सोडू नये, हे उत्तम. — चिमटा."

पलीकडच्या खोलीत सूनबाईनं ते वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. एका दमात इतक्या वेळा उत्तम म्हणणारा जगात एकच माणूस तिला ठाऊक होता. मग एकेक गोष्ट जुळायला लागली. छपाईची तक्रार आली त्याच दिवशी बाबांनी कोरे कागद मागितले होते. आणि काल ठसका लागला, तो साधा ठसका नव्हता.

ती उठून भांडायला गेली नाही. गालातल्या गालात हसली आणि पंखा घरघरायला लागला.

"चिमटेबुवा," दुसऱ्या दिवशी पानावर उत्तर आलं, "जाता जाता एक चाचणीचं पॅकेज, खास तुमच्यासाठी. आवाजाची दुरुस्ती केली आहे. दुपारी उघडून बघा. आवाज पूर्ण मोठा ठेवा."

मास्तरांना वाटलं, मात्रा लागू पडली. दुपारी मुलं गोल करून बसली होती. त्यांनी पॅकेज बसवलं, आवाज मोठा केला आणि ब्राउझर उघडला.

"कुकूऽऽचकूऽऽ!"

असा कोंबडा आरवला, की खिडकीची काच थरथरली. पडद्यावर लालबुंद तुऱ्याचा एक कोंबडा मान ताणून उभा होता. मास्तरांनी घाईघाईनं एक बटण दाबलं. कोंबडा पुन्हा आरवला. दुसरं दाबलं. पुन्हा. तोवर मुलांनाही चेव आला आणि खोलीत सात-आठ कोंबडे झाले.

"मास्तर, अजून एकदा! अजून एकदा!"

दार उघडलं. सूनबाई उभी होती.

"बाबा, कोंबडा आणलात?"

"छे छे! धडा आहे. पाळीव पक्षी."

"आज अपूर्णांक होते ना?"

"अपूर्णांकच, पण... मध्येच पक्षी आले."

"मास्तर थापा मारतायत!" पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी म्हणाली. "त्यांनी चिमट्याचं उघडलं. हे बघा, खाली लिहिलंय." आणि तिनं बोट ठेवून एकेक शब्द खणखणीत वाचला, "नमस्कार, चिमटेबुवा. शेजारच्या खोलीत ऐकू आलं. तुमची मुंगी."

मुलांच्या माना मास्तरांकडे वळल्या. कोंबडा दम घेत होता. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पळायला वाट नव्हती. दारात सून होती.

"आयकॉन वाकडा आहे, काय?" ती म्हणाली.

मास्तरांच्या ओठावर 'उत्तम' आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"आहेच वाकडा. डावीकडे झुकलाय. मापून दाखवू?"

"दाखवा ना!"

मास्तरांनी पट्टी घेतली आणि पडद्यावर लावली. सूनबाई वाकली, मुलंही वाकली. सगळ्यांनी डोळे बारीक केले.

"वाकडा आहे," मुलांनी निकाल दिला.

"आहे खरा," सूनबाई पुटपुटली. "पण बाबा, तोंडावर सांगायला काय झालं होतं?"

"तू दुखावली असतीस."

"आणि मुंगी?"

"ती उलट चावते. तिची चिंता नव्हती."

सूनबाईला हसू फुटलं, पण तिनं ते दाबलं. "मी पॅकेज सोडतेय ते सोडतेच आहे," ती म्हणाली. मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "पण ते बंद पडणार नाही. ज्याला एवढं बारीक दिसतं, त्यानंच बांधावं. उद्यापासून शिकायला बसा."

मग मास्तर शिकायला बसले. पहिलं पॅकेज दिवसभर रटरटून अगदी शेवटी फसलं, तेव्हा त्यांचं तोंड गणित चुकलेल्या पोरासारखं झालं. "ही ओळ पुन्हा लिहा," सूनबाई म्हणायची. "अहो बाबा, घाई कशाची?" दुसरं फसलं ते त्यांनी डिस्कवर जागा न ठेवल्यामुळं. तिसरं उभं राहिलं. मुलांसमोर मास्तरांनी ते पानावर चढवलं आणि मुलांनी टाळ्या पिटल्या.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच पानावर पहिली तक्रार आली.

"नवे पॅकेजवाले यांस. आपला ब्राउझर उघडेपर्यंत माझं दूध उतू गेलं. प्रसिद्ध करण्याआधी तपासलं होतं, की आधी टाळ्या घेतल्या? — सांडशी."

मास्तर ताडकन उठले. "सूनबाई! दूध तू विसरलीस म्हणून गेलं, मी बघितलंय! माझ्या पॅकेजचा काय संबंध?"

"पानावर लिहा, बाबा!" भिंतीपलीकडून आवाज आला. "घरात ओरडायचं नाही, शेजारी ऐकतात!"

"ऐकू देत! इकडे ये आणि दाखव, कुठं मंद आहे ते!"

"दाखवते! आणि नंतर रुसायचं नाही!"

बाहेरच्या खोलीत नवऱ्यानं कानात बोटं घातली. सूनबाई आपली खुर्ची ओढतच आली, मास्तरांच्या शेजारी ठेवून तीत ठाण मांडून बसली आणि म्हणाली, "सरका थोडं. मला पडदा दिसत नाहीये."