डाव्या हाताचा पीळ

सरकारी इन्स्पेक्टर बाईंच्या डोळ्यांदेखत सेफ्टी वॉल्व्ह बरोबर सात किलो दाबाला उघडला, तेव्हा वर्कशॉपमध्ये जमलेल्या साहेबलोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मिस्त्रींच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली.

पाच दिवसांपूर्वी तीन नंबरच्या रिॲक्टरचं झाकणाखालचं गॅस्केट फाटलं होतं आणि आतलं उकळतं रसायन पैलवानाच्या दोन्ही हातांवर उडालं होतं. पैलवान म्हणजे अंगाने नुसती काडी, म्हणूनच हे नाव पडलेलं. गेली अकरा वर्षं तो त्याच रिॲक्टरवर ऑपरेटर होता. आतला दाब वाढला की रिॲक्टरवरचा हा वॉल्व्ह आपोआप उघडतो आणि वाफ बाहेर सोडतो, त्याचं कामच ते. वॉल्व्ह ठणठणीत आहे म्हणजे दाब वाढलाच नव्हता, आणि दाब वाढला नव्हता म्हणजे पैलवानाने घाई करून झाकणाचे बोल्ट आधीच सैल केले, असं कंपनीचं म्हणणं होतं.

"मी बोल्टला हात लावला नाही," पैलवान दवाखान्यात बँडेजमधून बाहेर डोकावणाऱ्या बोटांकडे बघत म्हणाला होता. "दाबाचा काटा आठच्या पुढे गेला, मिस्त्री. मी पळायला वळलो तेवढ्यात..."

काटा आठच्या पुढे गेला हे सांगायला आता काटाच उरला नव्हता. त्या दणक्यात त्याच्या ठिकऱ्या उडाल्या होत्या.

सगळे चहाला गेल्यावर मिस्त्री वॉल्व्हजवळ गेले. वॉल्व्ह तपासून झाला की त्याच्या स्क्रूला तार बांधून वर शिशाचं सील दाबायचं, म्हणजे मध्ये कुणी तो उघडला तर लगेच कळतं. बाहेरच्या ठेकेदाराकडचे थोडे सोडले तर कारखान्यातल्या प्रत्येक वॉल्व्हला, तीन नंबरच्याही, ही तार मिस्त्रीच बांधायचे. ते डावखुरे, त्यामुळे त्यांचा पीळ उलटा पडायचा. वर्कशॉपमध्ये त्यावरून त्यांची थट्टाही व्हायची. या तारेचा पीळ सरळ होता. वॉल्व्हवरची नंबराची पट्टी जुनीच, पण तिचे रिव्हेट मात्र चकचकीत, नुकतेच ठोकलेले.

मिस्त्री स्टोअरमध्ये गेले. त्याच मापाचा एक वॉल्व्ह फळीवर जादा ठेवलेला असायचा. फळीवर त्या आकाराचा धूळ नसलेला गोल होता, वॉल्व्ह नव्हता.

"कोण घेऊन गेलं?" त्यांनी स्टोअरकीपरला विचारलं.

"मला काय माहीत," स्टोअरकीपर रजिस्टर बंद करत म्हणाला. "स्टोअरची दुसरी किल्ली सेफ्टी ऑफिसात असते. तिथे विचारा. तुमच्या घरचाच माणूस आहे की."

घरचाच माणूस म्हणजे मिस्त्रींचा जावई. तीन वर्षांपूर्वी तो इथे सेफ्टी ऑफिसर म्हणून लागला, मग मिस्त्रींनीच पुढाकार घेऊन लेकीचं लग्न जमवलं. कारखान्यात ते त्याला साहेब म्हणायचे, घरी जावईबापू. त्या संध्याकाळी गेटवर तो समोर आला तेव्हा काय म्हणावं तेच त्यांना सुचेना.

"बाबा, बरं नाही का?" जावयाने विचारलं.

"उन्हाचं जरा," मिस्त्री म्हणाले. आभाळ दिवसभर भरलेलं होतं.

त्यानंतर त्यांना जावयाच्या प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसू लागलं. मॅनेजरच्या केबिनमध्ये तो दार लावून बसायचा, इन्स्पेक्टर बाईंना फाइल द्यायच्या आधी दोनदा चाळायचा. वरच्यांनी याला बढतीचं गाजर दाखवलं असणार आणि हा त्या बिचाऱ्या काडीला बळी देतोय, असं मिस्त्रींनी मनाशी पक्कंच केलं.

रविवारी ते लेकीकडे गेले. जावई आंघोळीला गेला होता. बोलता बोलता लेक म्हणाली, "बाबा, गेल्या आठवड्यापासून गाडीच्या डिकीत काहीतरी जड पडलंय. मी सामान ठेवायला गेले तर हे अंगावर ओरडले. असे कधी ओरडत नाहीत हो."

मिस्त्री गाडीची किल्ली घेऊन खाली गेले. डिकीत गोणपाटात गुंडाळलेला, नंबराची पट्टी उपटलेला वॉल्व्ह होता. तोंड रसायनाच्या खपलीने पार बुजलेलं, आतली तबकडी जागच्या जागी चिकटलेली. हा आठलाच काय, विसालाही उघडला नसता. सापडला चोर, असं म्हणत त्यांनी तो उजेडात फिरवला आणि त्यांचा हात थांबला.

तारेला उलटा पीळ होता. तार गंजलेली, सीलवर दोन वर्षांपूर्वीचा आकडा. कुणीही न उघडलेलं सील.

सहा महिन्यांपूर्वीचा, दुरुस्तीसाठीचा शटडाउन त्यांना आठवला. तीन नंबरचा वॉल्व्ह काही केल्या निघत नव्हता, प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसले होते. "पुढच्या वेळी बघू," असं म्हणून त्यांनी बाकीचे वॉल्व्ह केले आणि तपासणीच्या कागदावर याच्यापुढेही 'उघडून तपासला' असं लिहून सही ठोकली. नंतर ते साफ विसरून गेले होते.

"त्या कागदावर तुमची सही आहे, बाबा." जावई ओल्या केसांनी मागे उभा होता. "अपघाताच्या दिवशीच मी हा बघितला. चार महिन्यांत तुम्ही निवृत्त होताय. पोलिस केस झाली असती."

मिस्त्री डिकीच्या काठावर टेकले. आठवडाभर ज्याच्यावर डूख धरला, त्याने हे आपल्यासाठी केलं होतं. क्षणभर त्यांना भरून आलं. मग सहीचा तो कागदच डोळ्यांपुढे आला.

"माझ्या सहीखाली 'तपासून पाहिले' म्हणून आणखी एक सही असते," ते हळूच म्हणाले. "ती कुणाची?"

जावयाने पुढे होऊन गोणपाट पुन्हा वॉल्व्हवर ओढलं.

"माझ्यासाठी केलंत की स्वतःसाठी?"

"दोघांसाठी," जावई म्हणाला. "पैलवानाला भरपाई मिळेल असं बघतो ना मी. गप्प राहा, बाबा."

"त्याचे हात भाजले आणि वर दोषही त्याच्याच माथी. हे नाही जमायचं."

सोमवारी सकाळी मिस्त्रींनी डिकीतून घरी आणलेला वॉल्व्ह गोणपाटासकट खांद्यावर टाकला आणि इन्स्पेक्टर बाईंचं ऑफिस गाठलं. वॉल्व्ह टेबलावर ठेवून त्यांनी आधी आपली चूक सांगितली, मग बाकीचं. जावयाचं नावही त्यांनी घेतलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "असे न उघडता सही केलेले आणखी किती आहेत?"

"माझा हा एकच," मिस्त्री म्हणाले. "पण आता माझ्या शब्दावर जाऊ नका. सगळे उतरवा."

बाईंनी कारखाना बंद ठेवून सगळेच्या सगळे सव्वीस वॉल्व्ह उतरवले. आणखी तीन चिकटलेले निघाले. ते बाहेरच्या ठेकेदाराकडून तपासून आलेले होते. पैलवानावरचा ठपका पुसला गेला, मॅनेजर आणि जावई निलंबित झाले. मिस्त्रींवर खटला उभा राहिला, निरोप समारंभ झालाच नाही.

लेकीने पाच महिने बोलणं टाकलं. मग एके दिवशी तिचा फोन आला. ती फक्त एवढंच म्हणाली, "ह्यांना नवीन ठिकाणी नोकरीला बोलावलंय. सहीच्या आधी प्रत्येक वॉल्व्ह स्वतः बघीन म्हणतात. खरं बोलत असतील का हो, बाबा?"

"प्रत्येक सहीच्या वेळी त्यांना विचारत राहा," मिस्त्री म्हणाले.