सोबत कोण जाणार

लातूरला शिवमूर्ती सर एका शाळेच्या खोलीत बुद्धिबळाचा वर्ग चालवायचे. मुरुडची सृष्टी रोज एसटीनं तिथं यायची. बाराव्या वर्षी तिची कझाकस्तानातल्या स्पर्धेसाठी निवड झाली, पण खर्च घरच्यांनीच करायचा होता. आई उज्वला शिवणकाम करायची. एवढं कुठून आणणार? शेवटी भांड्यांचे व्यापारी गुरुबसप्पा, सगळ्यांचे आप्पा, पुढं आले. सृष्टी आणि सोबत एक मोठं माणूस, दोघांचा खर्च त्यांनी उचलला.

उज्वलाबाई आप्पांच्या दुकानात आल्या. "आप्पा, मी जाते पोरीसंगं. माझ्याबिगर कधी ऱ्हायली न्हाई ती."

सर तिथंच बसले होते. "ताई, तुम्हाला डावातलं काय कळणार? मी नसलो तर आप्पांचा पैसा पाण्यात जाईल."

हे अगदीच खोटं नव्हतं. पण सर बावन्न वर्षांचे झाले होते आणि विमानात कधी बसले नव्हते, हेही खरं होतं. आप्पांनी सरांचं ऐकलं. उज्वलाबाई उठून घरी गेल्या.

कझाकस्तानात पहिले दोन डाव सृष्टी जिंकली. तिसऱ्या दिवशी ती डाव चालू असताना सारखी उठून बाहेर जायला लागली. हातात आलेला डाव तिनं घालवला. मग जेवेना, बोलेना. ओळीनं पाच डाव हरली. सरांनी तिला हॉटेलच्या जिन्यात गाठून झापलं, "लोकांनी विश्वासानं पाठवलंय तुला! लाज वाटू दे जरा."

ती मान खाली घालून खोलीत गेली.

परत आल्यावर ती वर्गाला फिरकलीच नाही. पंधरा दिवसांनी सर मुरुडला गेले. उज्वलाबाईंनी दारातच सांगितलं, "सर, तिथं पोरीला पहिल्यांदा पाळी आली. लई घाबरली. तुम्हाला सांगायची लाज, अन् दुसऱ्या कुणाची भाषा येईना. ओढणी फाडून दिवस काढले तिनं."

सर पायरीवरच बसले.

दोन वर्षांनी वर्गातल्याच कंधारच्या स्वप्नालीची परदेशातल्या अशाच स्पर्धेसाठी निवड झाली, तेव्हा सरच आप्पांना म्हणाले, "तिच्या आईला पाठवा."

"अन् तुम्ही?"

"मी फोनवर सांगीन काय सांगायचं ते."

स्पर्धेत स्वप्नाली सातवी आली. त्या आठवड्यात सर पुन्हा मुरुडला गेले. सृष्टी नववीत होती, गणितं सोडवत बसली होती.

"या सर, बसा."

"पोरी, माझं चुकलं. काय होतंय तुला, एवढं तरी मी विचारायला पाहिजे होतं."

"असू द्या सर," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

पुन्हा खेळायला ये, असं म्हणायची सरांची हिंमत झाली नाही. शाळेचं, परीक्षेचं थोडं बोलणं झालं. पाचच्या एसटीनं ते लातूरला परतले.