ठेच्याचं पान

मला उघडायचं असेल तर जरा सावकाश. माझी शिवण सुटली आहे. मी शुभवर्तमानाचा जुना ग्रंथ बोलतोय. मुक्काम कड्याजवळची एक वाडी, मुलूख निजामाचा.

माझा जन्म इंग्रजी मुलखातल्या छापखान्यातला. धोंडीराम ख्रिस्ती झाले तेव्हा पाद्रीसाहेबांनी मला त्यांच्या हाती दिलं. घोंगडीत गुंडाळून त्यांनी मला घरी आणलं. माझी गोडी आधी त्यांच्या शेळीला लागली. येशूनं थोडक्या भाकरींत पाच हजार माणसं जेवू घातली, नेमकं तेच पान तिनं खाल्लं. एवढ्यांना पुरलेलं जेवण तिला मात्र पुरलं नाही. ती पुढच्या पानाला तोंड लावणार, तोच धोंडीरामांनी मला ओढून काढलं.

मग त्यांनी बोरू घेतला, आठवून आठवून ते पान लिहिलं आणि माझ्यात शिवलं. भाकरी पाच, हे त्यांना आठवलं. उरलेल्या टोपल्या बारा, हेही आठवलं. भाकरीसोबत काय होतं ते काही आठवेना. त्यांनी लिहिलं, ‘ठेचा’. आणि शेवटी एक ओळ जास्तीची: ‘ज्या बाईने त्या भाकरी थापल्या, तिला प्रभूने सर्वांच्या आधी जेवू घातले.’

वाडीत वाचता येणारे धोंडीराम एकटेच. तीस वर्षं त्यांनी हेच वाचलं, आणि त्यावरून रीत पडली. रविवारी उपासनेनंतर सगळे एकत्र जेवत, तेव्हा भाकरी थापणारी आधी जेवायची आणि पुरुष हात धुऊन वाट बघायचे. हा मान साखराबाईंचा. बाई विधवा, सहा दिवस कुणाकुणाकडचं उरलंसुरलं खायच्या. रविवारी मात्र पाटावर बसायच्या, दोनदा ठेचा मागून घ्यायच्या आणि मुद्दाम सावकाश चावायच्या.

धोंडीराम थकले तेव्हा त्यांच्या जागी मिशनचे धर्मराज मास्तर नवी छापील प्रत घेऊन आले. पहिल्याच रविवारी त्यांनी भाकरींची गोष्ट वाचली. ‘दोन मासे’ म्हणताच वाडीतला सटवा उठून उभा राहिला.

“मास्तर, ठेचा कुठं गेला?”

“ठेचा नाही. मासे आहेत.”

“डोंगरावर मासे? छापखाना लबाड हाय! आन् बाईची ओळ?”

“तीही नाही.”

सटवा विचारात पडला. “म्हंजे आपुन आधी जेवायचं? मग ऱ्हाऊ द्या. ठेचा गेला तर गेला.”

साखराबाई तव्यापाशी थबकल्या. “तीस साल देवानं जेवू घातलं, आन् आता म्हणतो मी बोललोच न्हाई?”

त्या दिवशी कुणीच धड जेवलं नाही. धर्मराज आम्हा दोघा ग्रंथांना काखेत मारून धोंडीरामांच्या बाजेपाशी गेले.

“बाबा, हे पान तुम्ही लिहिलंत?”

“शेळीनं खाल्लेलं आठवलं तेवढं लिवलं.”

“आणि बाईची ओळ?”

“माझी बायको भिवरा रोज सगळ्यांच्या मागून जेवायची. कदी कदी जेवायचीच न्हाई. वाटलं, येशू घरी आला असता तर त्यानं आधी तिलाच बसवलं असतं. लबाडी झाली, मास्तर.”

छापलेल्यात तरी अशी भर नसेल ना, हे बघायला धर्मराजांनी घाईघाईनं नवी प्रत उघडली. लोक एका बाईला धोंडे मारायला निघतात आणि येशू तिला सोडवतो, ही त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट. तिच्या शेजारी बारीक टीप होती: फार जुन्या हस्तलिखितांत हा भाग आढळत नाही.

त्यांनी प्रत मिटली. “बाबा, मला वाटायचं, ग्रंथ आकाशातून आला. हा तर माणसांच्या हाताहातांतून आलाय! कुणी विसरलं, कुणी भर घातली. आता मी विश्वास कशावर ठेवू?”

“मला कामून इचारता?” धोंडीराम म्हणाले. “मी ठेचा लिवणारा माणूस.”

धर्मराजांना हसू फुटलं. हसता हसता ते डोळे पुसू लागले.

पुढच्या रविवारी सटवा सगळ्यांच्या आधी पाटावर जाऊन बसला होता. धर्मराज उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

“ती ओळ धोंडीरामबाबांची. ग्रंथात नाही, म्हणून मी ती वाचणार नाही. पण ग्रंथातल्या येशूला बाबांनी चांगलं ओळखलं होतं, असं मला वाटतं. मी आज साखराबाईंच्या नंतर जेवणार. तुम्ही तुमचं बघा.”

कुणी ताटाला हात लावेना. सटवानं सगळीकडे बघितलं.

“लिवलेलं न्हाई, तरी थांबायचं?”

“हो.”

“लई अवघड धर्म झाला की हा,” म्हणत तो पाटावरून उठला.

साखराबाई बसल्या. पहिला घास घेत म्हणाल्या, “मासे न्हाईत ते बरं. मी काटे काढत बसले असते तर तुमी उपाशीच मेला असता.”

आता मी फळीवर पडून असतो. उपासनेत नवी प्रत वाचतात, त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्या त्या पानाखाली धर्मराजांनी लिहून ठेवलंय: ‘हे धोंडीरामांनी लिहिले.’ तेवढं पान फाडू नका. देवाचं म्हणून वाचूही नका. जेवायला बसण्याआधी एकदा चुलीकडे बघा, म्हणजे मला वाचल्यासारखंच आहे.